फोनवरच्या श्रोत्याचा आवाज

थेट चर्चेच्या कार्यक्रमात निवेदक आणि तज्ज्ञ स्टुडिओत बसलेले असतात. समोर चांगला माइक, भिंतींना आवाज शोषणारं अस्तर, काचेपलीकडे कन्सोलवर बसलेला ध्वनितंत्रज्ञ. फोन करणारा श्रोता मात्र शेताच्या बांधावर असतो, एसटी स्टँडवर असतो, नाहीतर कुकरच्या शिट्ट्या चालू असलेल्या स्वयंपाकघरात. कार्यक्रम त्याच्यासाठी असतो, प्रश्न त्याचा असतो, आणि सगळ्यांत वाईट ऐकू येतो तोही त्याचाच आवाज. इतकी वर्षं हे कानावर पडत आलं आहे की फोनवरचा आवाज असाच असायचा, असं आपण धरून चालतो.

ही समजूत आता तपासून पाहायला हवी. फोनवरचा आवाज कुठे बिघडतो, का बिघडतो, कोणता बिघाड दुरुस्त होतो आणि कोणता होत नाही, याबद्दल गेल्या साठ-सत्तर वर्षांत बरंच ज्ञान जमा झालं आहे. त्याचा आढावा घेतल्यावर माझं मत असं बनलं आहे की हा प्रश्न इंजिनिअरच्या खोलीत संपत नाही. माणसाला नीट ऐकून घेण्याचा हा प्रश्न आहे, आणि त्याची जबाबदारी फोन करणाऱ्यावर टाकता येत नाही. ती केंद्राची आहे.

दोष यंत्राचा, खापर माणसावर

आवाज खरखरीत आला तर ऐकणारे 'लाइन खराब आहे' म्हणून सोडून देत असतील, असं आपल्याला वाटतं. प्रयोगांतून दिसतं ते वेगळं. एरिन न्यूमन आणि नॉर्बर्ट श्वार्त्झ यांनी २०१८ मध्ये 'सायन्स कम्युनिकेशन' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी शास्त्रज्ञांची भाषणं आणि अमेरिकेतल्या सार्वजनिक रेडिओवरच्या मुलाखती घेऊन त्यांच्या दोन-दोन प्रती केल्या : एक स्वच्छ, दुसरी मुद्दाम दर्जा उतरवलेली. माणूस तोच, शब्द तेच. तरीही खराब प्रत ऐकणाऱ्यांना ते संशोधन कमी महत्त्वाचं वाटलं आणि संशोधक कमी हुशार वाटला.

येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२५ मध्ये याच्या पुढची पायरी गाठली. एकच मजकूर एकदा भरीव, स्वच्छ आवाजात आणि एकदा स्वस्त माइकमधून आल्यासारख्या पत्र्याच्या आवाजात ऐकवला. दोन्ही वेळा शब्द पूर्ण समजत होते. तरी पत्र्याच्या आवाजातला उमेदवार नोकरीला कमी लायक आणि बोलण्यात कमी विश्वासार्ह ठरला. उशिराची गोष्टही तशीच. २०१४ मध्ये जर्मन संशोधकांनी फोनच्या संभाषणात मुद्दाम थोडा उशीर घातला, तेव्हा लोकांनी त्या उशिराचा दोष पलीकडच्या माणसाच्या स्वभावाला दिला. तो लक्ष देत नाही, त्याला बोलण्यात रस नाही, असं त्यांना वाटलं.

या अभ्यासांमधली माणसं आपल्या फोन-इन कार्यक्रमांतली नव्हती. पण निष्कर्ष आपल्याला थेट लागू पडतो. धरणग्रस्तांचा प्रश्न मांडणारी बाई दोन पट्ट्यांच्या नेटवर्कवरून बोलते आणि तिला उत्तर देणारा अधिकारी स्टुडिओतल्या माइकसमोर बसतो, तेव्हा दोघांचं बोलणं सारख्या वजनाने ऐकलं जात नाही. चर्चा सुरू होण्याआधीच एक पारडं खाली गेलेलं असतं.

पत्रापासून फोनपर्यंत

अमेरिकेत सेंट लुइसच्या केएमओएक्स या केंद्राने २९ फेब्रुवारी १९६० रोजी दुपारचं संगीत बाजूला ठेवलं आणि चर्चा, मुलाखती, श्रोत्यांचे फोन यांना जागा दिली. ब्रिटनमध्ये बीबीसीच्या नॉटिंगहॅम केंद्राने १९६८ मध्ये श्रोत्यांचे फोन हवेवर घेतले, आणि १९७३ मध्ये लंडनचं एलबीसी हे बातम्या आणि चर्चेला वाहिलेलं व्यापारी केंद्र सुरू झालं. त्या देशांत घरोघरी फोन होते, म्हणून हे जमलं.

आपल्याकडे बराच काळ श्रोत्याचा आवाज म्हणजे त्याचं पोस्टकार्ड. १९५७ मध्ये सुरू झालेल्या विविध भारतीवर झुमरी तिलैया या गावाचं नाव देशाला पाठ झालं ते फर्माईशीच्या पत्रांमुळे. मराठी श्रोतेही 'आपली आवड'साठी पत्रंच धाडत. फोनची वाट मोकळी झाली ती नंतर. १९८४ मध्ये सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेची स्थापना झाली, १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला तिचं पहिलं ग्रामीण स्वयंचलित एक्स्चेंज बसलं, आणि नव्वदच्या दशकात एसटीडी-पीसीओचे पिवळे फलक गावोगावी लागले. विविध भारतीवर 'हॅलो फर्माईश', दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'हॅलो सह्याद्री' असे कार्यक्रम या बदलानंतरच शक्य झाले.

त्या काळच्या लँडलाइनचा एक गुण आज विसरला गेला आहे. रिसीव्हर उचलला की त्याचा माइक तोंडापासून आपोआप ठरावीक अंतरावर यायचा. तार भिंतीला बांधलेली असल्यामुळे बोलणारा एका जागी थांबायचा, बहुधा घरात किंवा बूथच्या काचेआड. आवाजाची रुंदी कमी असली तरी तो स्थिर होता. मोबाइलने माणसाला कुठूनही बोलता येण्याची सोय दिली आणि ही स्थिरता काढून घेतली.

३०० ते ३,४०० हर्ट्झची चौकट

टेलिफोनच्या आवाजाला एक चौकट आहे. सुमारे ३०० हर्ट्झच्या खालचा आणि ३,४०० हर्ट्झच्या वरचा भाग तारेतून जातच नाही. डिजिटल एक्स्चेंजांसाठी १९७२ मध्ये जे प्रमाण ठरलं, जी.७११, तेही याच चौकटीत बसवलेलं आहे : सेकंदाला ८,००० नमुने, ६४ किलोबिटचा प्रवाह. कमीत कमी खर्चात जास्तीत जास्त संभाषणं वाहून न्यायची, या हिशेबातून ही चौकट आली.

पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर साधारण १०० ते १५० हर्ट्झचा असतो, म्हणजे तो या चौकटीच्या बाहेरच राहतो. तरी फोनवर पुरुषाचा आवाज पुरुषाचाच वाटतो, कारण वरच्या पटींवरून कान मूळ स्वर जुळवून घेतो. वाक्यांचंही असंच होतं. संदर्भ असला की गाळलेली अक्षरं मन भरून काढतं. बेल लॅबमध्ये हार्वी फ्लेचर यांनी टेलिफोनची पारख करताना निरर्थक अक्षरं ऐकवण्याची पद्धत वापरली, ती यासाठीच. अर्थाचा आधार काढून घेतल्यावर तार खरोखर किती पोचवते ते कळतं.

फोन-इन कार्यक्रमात हा आधार नेमका महत्त्वाच्या जागी निसटतो. नावं, गावं आणि आकडे यांना संदर्भ नसतो. डाळिंबाच्या बागेवर फवारणी करायची आहे, श्रोता तज्ज्ञाला विचारतो, "दहा लिटरला साठ मिली टाकू का?" 'साठ' आणि 'आठ' यांत फरक आहे तो सुरुवातीच्या 'स'चा, आणि 'स'ची बहुतेक शक्ती ४,००० हर्ट्झच्या वर असते. म्हणजे टेलिफोनच्या चौकटीत 'स'चा एक पुसट फुसकारा तेवढा उरतो. मागे ट्रॅक्टर चालू असेल तर तोही बुडतो. तज्ज्ञाला 'आठ' ऐकू आलं आणि त्यांनी "हो, चालेल" म्हटलं, तर बागायतदार साठ मिली टाकणार आणि ऐकणारे इतर शेतकरी आठ लिहून घेणार. आरोग्याच्या कार्यक्रमात गोळीच्या मात्रेबद्दल हेच घडू शकतं. आवाजाचा दर्जा ही इथे कानाच्या सुखाची बाब राहत नाही.

मोबाइलने काय दिलं, काय घेतलं

जीएसएमच्या पहिल्या पिढीने बोलणं १३ किलोबिटमध्ये बसवलं. नंतरचं एएमआर हे कोडेक, म्हणजे आवाज आवळून पाठवण्याची पद्धत, नेटवर्कच्या परिस्थितीनुसार १२.२ पासून ४.७५ किलोबिटपर्यंत खाली येतं. लँडलाइनच्या ६४ शी तुलना केली तर ही काटकसर किती मोठी आहे ते लक्षात येईल. ती जमते, कारण ही कोडेक आवाजाची लहर जशीच्या तशी पाठवत नाहीत. माणसाचा कंठ आणि तोंड यांचं एक गणिती प्रारूप धरून ते चालवण्याच्या सूचना पाठवतात, आणि पलीकडे त्या सूचनांवरून बोलणं पुन्हा घडवलं जातं.

बोलण्यासाठी हे चालून जातं. गाण्यासाठी जात नाही. एखादी आजी जात्यावरची ओवी फोनवर म्हणू लागली की तिचा लांबवलेला स्वर थरथरतो, मध्येच नाहीसा होतो, याचं एक कारण हे. दुसरं कारण हँडसेटमधली गोंगाट-छाटणी. जो आवाज बदलत नाही तो पंख्याचा किंवा इंजिनाचा असणार, असं ती धरून चालते, आणि एकाच सुरावर थांबलेला गळाही तिला गोंगाट वाटू शकतो. लोकगीतं, भजनं फोनवर ऐकवणाऱ्या कार्यक्रमांत चूक आजीच्या गळ्याची नसते, हे निवेदकाने लक्षात ठेवायला हवं.

चांगली बातमीही आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली ती पूर्णपणे फोर-जीवर, म्हणजे तिच्यावरचे फोन व्होल्टीनेच, फोर-जीच्या डेटा नेटवर्कवरूनच, जात. व्होल्टीवर साधारणपणे वापरलं जाणारं रुंदपट्टी एएमआर ५० ते ७,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज नेतं. २०१४ मध्ये प्रमाणित झालेलं ईव्हीएस त्याच्याही वर जातं. 'साठ'मधला 'स' या पट्ट्यात बऱ्यापैकी शाबूत राहतो.

पण हा लाभ टिकतो तो वाट सुरुवातीपासून शेवटपर्यंत रुंद असेल तरच. फोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या नेटवर्कमधून जाताना किंवा केंद्राच्या जुन्या लाइनवर उतरताना आवाज पुन्हा ३,४०० हर्ट्झला कापला जातो. खेड्यातल्या माणसाच्या खिशातला फोन रुंद आवाज पाठवायला तयार आहे आणि तो अरुंद होतोय प्रसारण केंद्राच्या दारात, अशी परिस्थिती म्हणूनच उद्भवते. खराब आवाजाला श्रोत्याचं नेटवर्क जबाबदार आहे असं म्हणण्याआधी केंद्राने आपली येणारी लाइन कोणती आहे ते पाहावं. जी.७२२ हे ७,००० हर्ट्झपर्यंत नेणारं कोडेक १९८८ पासून उपलब्ध आहे. नवं काही शोधायचं शिल्लक नाही.

श्रोत्याला काय ऐकू जातं

फोनवरच्या आवाजाची चर्चा सहसा एकाच दिशेने होते : तिकडून इकडे काय येतं. परतीच्या वाटेकडे कमी लक्ष जातं, आणि अनुभवी तंत्रज्ञ सांगतात की अर्धी दुखणी तिथलीच असतात.

जुन्या टेलिफोनच्या तारांच्या एकाच जोडीवरून जाणारा आणि येणारा आवाज एकत्र वाहतो. स्टुडिओत ते वेगळे करावे लागतात. हे काम हायब्रिड नावाचं उपकरण करतं. वेगळं करणं अपुरं राहिलं तर निवेदकाचाच आवाज लाइनमधून फिरून कन्सोलवर परत येतो, त्याच्या मूळ आवाजात मिसळतो, आणि निवेदक पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा ऐकू येतो. प्रत्येक लाइनचे विद्युत गुणधर्म वेगळे असल्यामुळे ट्रान्सफॉर्मरवर चालणारी हायब्रिड नेमकी जुळवणं कठीण जाई. १९८० च्या दशकाच्या मध्याला स्टीव्ह चर्च या अमेरिकन रेडिओ इंजिनिअरने डिजिटल प्रक्रियेवर चालणारं, लाइन ओळखून स्वतःच जुळवून घेणारं हायब्रिड टेलॉस कंपनीमार्फत आणलं. ते स्वतः फोन-इन कार्यक्रम करत असत, म्हणून दुखणं त्यांना आतून ठाऊक होतं. आजच्या आयपी लाइनवर दोन्ही दिशा मुळातच वेगळ्या असतात.

दुसरी गोष्ट मिक्स-मायनस. कार्यक्रमातलं सगळं श्रोत्याला ऐकू जायला हवं, फक्त त्याचा स्वतःचा आवाज वगळून. हे वगळणं राहून गेलं तर मोबाइलच्या प्रवासाचा उशीर अंगावर घेऊन त्याचाच आवाज त्याच्या कानात परत येतो. बर्नार्ड ली यांनी १९५० मध्ये दाखवून दिलं होतं की स्वतःचा आवाज सेकंदाच्या पाचव्या भागाएवढ्या उशिराने ऐकू आला की धडधाकट माणूसही अडखळतो, अक्षरं लांबवतो, शब्द पुन्हा उच्चारतो. फोनवर छान बोलणारी मावशी ऑन एअर येताच चाचरायला लागते, आणि आपण म्हणतो, घाबरली बिचारी. कित्येकदा तिला घाबरवलेलं असतं ते कन्सोलवरच्या एका चुकीच्या बटणाने.

तिसरी गोष्ट खुद्द उशीर. माणसं संभाषणात एकमेकांचं वाक्य संपताच किती पटकन बोलू लागतात, हे दहा भाषांमध्ये मोजणारा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी अंतर सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास निघालं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बोलणं सहज होतं, आणि ४०० च्या वर तो गेला तर लाइन वापरण्याजोगी मानत नाहीत. मोबाइल, इंटरनेट आणि स्टुडिओची यंत्रणा यांचे छोटे छोटे उशीर एकात एक मिळवत गेलं की आपण या दोन आकड्यांच्या मध्ये सहज पोचतो. मग दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, आणि निवेदकाला वाटतं की हा माणूस मध्ये मध्ये बोलतोय. यावरचा उपाय निवेदकाच्या हातात आहे : प्रश्न एका वेळी एकच विचारायचा, तो स्पष्टपणे संपवायचा आणि नेहमीपेक्षा थोडं जास्त थांबायचं.

'तुमचा रेडिओ बंद करा' ही सूचनाही इथेच बसते. पूर्वी रेडिओ चालू राहिला की शिट्टी वाजायची, कारण प्रक्षेपण तत्क्षणी घरात पोचत असे आणि आवाजाचं वर्तुळ पूर्ण होत असे. आता डीटीएचवर किंवा न्यूज ऑन एअरसारख्या ॲपवर कार्यक्रम काही सेकंद मागे असतो. शिट्टी वाजत नाही, पण श्रोता मागच्या वाक्याला उत्तर देऊ लागतो. आक्षेपार्ह शब्द गाळता यावेत म्हणून अमेरिकेतली केंद्रं जो काही सेकंदांचा राखीव उशीर ठेवतात, पूर्वी टेपच्या वेटोळ्यावर आणि आता डिजिटल यंत्रात, तिथेही हाच घोळ होतो. सूचना तीच राहिली, तिचं कारण बदललं. ते कारण श्रोत्याला एका वाक्यात सांगितलं तर तो आवाज नुसता कमी न करता रेडिओ खरंच बंद करतो.

कन्सोलवरचे उपाय आणि त्यांचे अपाय

लाइनवर आलेला आवाज सुधारण्याची साधनं प्रत्येक कन्सोलवर असतात. विजेची ५० हर्ट्झची गुणगुण कापणं, २,००० ते ३,००० हर्ट्झच्या आसपास थोडी उभारी देऊन व्यंजनं पुढे आणणं, हळू आणि मोठ्या आवाजाच्या श्रोत्यांना एका पातळीवर आणणं, ही कामं उपयोगाची आहेत आणि ती झालीच पाहिजेत. मात्र आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? जो 'स' लाइनवर आलाच नाही, तो कितीही उभारी दिली तरी परत येत नाही. वाढते ती खरखर.

दोन साधनांबाबत मराठी कार्यक्रमांनी विशेष सावध राहायला हवं. पहिलं गेट. आवाज ठरावीक पातळीखाली गेला की गेट लाइन बंद करतं, त्यामुळे बोलण्याच्या मधल्या जागांतला गोंगाट ऐकू येत नाही. पण मराठी वाक्यात नकार शेवटी येतो आणि वाक्याच्या शेवटी आवाज उतरतो. "पंचनामा करायला अजून कोणी आलं नाही" यातलं 'नाही' दमून, खालच्या पट्टीत म्हटलेलं असतं. गेट घट्ट बसवलेलं असेल तर तेवढंच नेमकं कापलं जातं आणि तक्रारीचा अर्थ उलटतो. म्हणून गेट शक्यतो वापरू नये. वापरलंच तर लाइन पूर्ण बंद न करता आवाज थोडा खाली उतरवणारं आणि सावकाश मिटणारं असावं.

दुसरं साधन डकिंग. निवेदक बोलू लागला की फोनचा आवाज आपोआप खाली दबतो. गोंगाट आणि प्रतिध्वनी आवरायला ते सोयीचं आहे. वृत्तवाहिन्यांवर ज्याला 'फोनो' म्हणतात, त्या फोनवरच्या मुलाखतीत तर ते सर्रास लागलेलं असतं. पण वादाच्या प्रसंगी त्याचा परिणाम असा होतो की निवेदक तोंड उघडेल तेव्हा समोरचा गप्प होतो, त्याची इच्छा असो वा नसो. कोणी कोणाला बोलू द्यायचं हा संपादकीय निर्णय आहे. तो यंत्राच्या एका सेटिंगमध्ये गुपचूप घेतला जाऊ नये.

प्रक्षेपणाच्या शेवटच्या टप्प्यावर आणखी एक यंत्र असतं, सगळ्या कार्यक्रमाची पातळी दाबून सारखी करणारं. श्रोता श्वास घ्यायला थांबला की हे यंत्र मागचा गोंगाट उचलून वर आणतं. स्टुडिओच्या स्पीकरवर ठीक वाटणारा फोन घरच्या रेडिओवर खरखरीत लागतो तो यामुळे. फोन-इनची पारख केंद्राबाहेरच्या साध्या रेडिओवर ऐकूनच करावी.

ऑन एअर जाण्याआधीचं एक मिनिट

या साऱ्या साखळीत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक दुरुस्ती होते ती यंत्राला हात न लावता, फोन घेणाऱ्या सहायकाच्या टेबलावर.

"नमस्कार काका, केंद्रातून बोलतेय. तुमचा फोन स्पीकरवर आहे का?"

"हो ताई, हात मोकळा राहतोय म्हणून."

"तेवढा स्पीकर बंद करून फोन कानाला लावा. आणि रेडिओ पूर्ण बंद करा, आमचं बोलणं तुम्हाला फोनवरच ऐकू येईल. आत्ता तुम्ही कुठं आहात?"

"मोटरजवळ उभा आहे, विहिरीवर."

"जरा लांब येता का, भिंतीच्या आडोशाला? हं, आता छान ऐकू येतंय. इथंच थांबा. नाव, गाव आणि प्रश्न एकदा सावकाश सांगा बरं."

एवढ्या बोलण्यात किती गोष्टी साधल्या ते पाहा. स्पीकर बंद झाल्याने माइक तोंडाशी आला, खोलीचा घुमारा गेला आणि निवेदकाचा आवाज माइकमध्ये परत शिरणं थांबलं. कानाला फोन लावल्यावर हँडसेटची दोन माइकवर चालणारी गोंगाट-छाटणी तिच्या मूळ कामासाठी उपयोगी पडली. मोटर लांब गेली, वारा अडला. सहायकाने नाव, गाव आणि आकडे लिहून घेतले, ते निवेदकासमोर पोचले. आणि काकांना एकदा सगळं बोलून झाल्यामुळे धीर आला. ब्लूटूथचा हेडसेट असेल तर तो काढायला सांगणंही याच मिनिटात बसतं, कारण माइक सुरू होताच असे अनेक हेडसेट आवाज पुन्हा टेलिफोनच्या जुन्या चौकटीत नेऊन बसवतात. तारेचा साधा इअरफोन त्याहून बरा.

इतकं करूनही लाइन वाईटच राहिली तर? अनेक ठिकाणी अशा वेळी फोन ठेवून पुढचा घेतला जातो. मला हे मान्य नाही. आवाजाच्या दर्जावर फोन निवडायचे ठरवले, तर नेटवर्क चांगलं असलेल्या शहरातला माणूस दर वेळी निवडला जाईल आणि घाटाखालच्या वाडीतला दर वेळी वगळला जाईल. केंद्राने दुसऱ्या लाइनवरून परत फोन करावा. तेही जमलं नाही तर निवेदकाने श्रोत्याचा प्रश्न त्याच्या नाव-गावासह स्वतःच्या स्वच्छ आवाजात वाचावा आणि "बरोबर मांडलं ना?" एवढं श्रोत्याला विचारावं. दूरचित्रवाणीवर तर फोनवरच्या माणसाचं बोलणं पडद्यावर मजकुरात दाखवता येतं. आकडा आला की निवेदकाने तो फोडून परत म्हणावा : साठ, सहा शून्य.

ध्वनिसंदेश आणि नवी यंत्रं

थेट फोनला पर्याय म्हणून रेकॉर्ड केलेला संदेश आता रुळला आहे. २०१४ पासून सुरू असलेल्या 'मन की बात'मध्ये लोकांनी फोनवर नोंदवलेले संदेश ऐकवले गेले आहेत. व्हॉट्सॲपचा ध्वनिसंदेश तर टेलिफोनच्या चौकटीत अडकतच नाही. तो ओपस या २०१२ मध्ये प्रमाणित झालेल्या कोडेकमध्ये नोंदला जातो, आणि फाइल म्हणून जात असल्यामुळे नेटवर्क तुटक असलं तरी उशिरा का होईना, पूर्ण पोचतो. रात्री नेटवर्क आल्यावर पाठवलेला संदेश सकाळच्या कार्यक्रमात स्वच्छ ऐकवता येतो. परदेशातल्या मराठी श्रोत्यालाही वेळेचा फरक आडवा येत नाही. यात हरवतो तो प्रतिप्रश्न. उत्तर पटलं नाही तर "पण साहेब..." म्हणण्याचा हक्क थेट फोनवरच्या माणसालाच असतो. म्हणून दोन्ही हवेत : प्रश्न संदेशातून घेऊन त्याच माणसाला चर्चेसाठी फोन लावणं, ही त्यातली सर्वांत चांगली जोडणी.

न्यूरल नेटवर्कवर चालणारी गोंगाट-छाटणी गेल्या काही वर्षांत थक्क करण्याइतकी सुधारली आहे. वाटेत हरवलेले आवाजाचे तुकडे अंदाजाने भरणारी तंत्रंही आली आहेत. २०२० मध्ये गूगलने आपल्या ड्युओ सेवेसाठी असं तंत्र जाहीर केलं, आणि २०२४ मध्ये ओपसच्या नव्या आवृत्तीतही तशी सोय आली. गूगलच्या तंत्रात एक मर्यादा जाणूनबुजून ठेवलेली होती : सुमारे १२० मिलिसेकंद, म्हणजे तुटलेलं अक्षर पुरं करण्याइतकाच भराव, आणि त्यानंतर शांतता. ही मर्यादा मला फार महत्त्वाची वाटते. टेलिफोनच्या अरुंद आवाजात वरचा पट्टा कल्पनेने भरणारी यंत्रंही आज मिळतात. त्यातला 'स' यंत्राने घातलेला असतो, श्रोत्याने उच्चारलेला असेलच असं नाही. नाटकात ते चालेल. तक्रार, साक्ष किंवा औषधाची मात्रा यांत चालणार नाही. गोंगाट काढणं आणि बोलणं घडवणं यांच्या मधली रेघ केंद्राने स्वतः आखून घ्यावी, आणि अशी साधनं आणण्याआधी आपल्या भागातल्या मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी आवाजांवर ती तपासून पाहावीत.

लहान केंद्रांचं काय

हे सगळं मोठ्या वाहिन्यांना परवडतं, लहानांना कसं, असा प्रश्न येईल. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवायची मुभा मिळाली. साताऱ्यात म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनीसारखी केंद्रं त्यातूनच उभी राहिली. अशा केंद्रांची खरी ताकद जवळच्या माणसाचा आवाज ही आहे. तेव्हा हा प्रश्न त्यांच्यासाठी सर्वांत निकडीचा आहे. सुदैवाने साधनं स्वस्त होत गेली आहेत. मिक्स-मायनस आपोआप करणारे छोटे कन्सोल २०१८ पासून पॉडकास्टवाल्यांच्या टेबलावरही दिसतात, आणि मोबाइल केबलने किंवा ब्लूटूथने त्यांना जोडता येतो. दुसऱ्या नेटवर्कचं एक जादा सिमकार्ड, सहायकासाठी प्रश्नांची एक छापील यादी आणि दर महिन्याला जुन्या फोन-इनची ध्वनिफीत एकत्र बसून ऐकण्याचा शिरस्ता, एवढ्याने बराच फरक पडतो.

क्रम लावायचा झाला तर मी असा लावीन. आधी माणूस : फोन घेणारा प्रशिक्षित सहायक आणि थांबायला शिकलेला निवेदक. मग परतीची वाट : मिक्स-मायनस दर कार्यक्रमाआधी तपासलेलं. मग दार : रुंद आवाज आत घेणारी लाइन. आणि सर्वांत शेवटी आवाज सुधारणारी यंत्रं. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी पैसा उलट्या क्रमाने खर्च होतो, कारण यंत्र विकत घेता येतं आणि सवय लावावी लागते.

फोन-इन हा प्रसारणातला एकमेव भाग आहे जिथे ऐकणारा बोलतो. त्याचं म्हणणं पटो वा न पटो, ते त्याच्या शब्दांवर तोललं गेलं पाहिजे, त्याच्या नेटवर्कवर नाही. एवढी समानता देणं आज तंत्राच्या आवाक्यात आहे. जे केंद्र ती देत नाही, त्याने 'आमच्या श्रोत्यांचा आवाज' हे शब्द आपल्या जाहिरातीत वापरू नयेत.